बत्तीस बायकांचं वजन

बत्तीस चिठ्ठ्या वाटल्या होत्या आणि बत्तीसच परत आल्या. वर्ग सुटल्यावर मी हॉलच्या टेबलाशी बसून एकेक उघडली. एकोणीस कोऱ्या होत्या. आठ जणींनी नुसतं नाव लिहिलं होतं. तिघींनी वजनाच्या रकान्यात ‘ठीक आहे’ असं लिहिलं होतं, एकीनं ‘मध्यम’, आणि मालनवहिनी फडतऱ्यांनी ‘देवाला माहीत’.

“काकू, हे काय?” मी यमुनाकाकूंपुढे चिठ्ठ्या पसरल्या. “दोनच गोष्टी विचारल्या होत्या. आज वजन किती आणि गणपतीपर्यंत किती करायचं.”

यमुनाकाकू ट्रॅकपँटवर साडी नेसत होत्या. निऱ्या हातात धरूनच म्हणाल्या, “पोरी, बाईला येक वेळ वय इचार, नवऱ्याचा पगार इचार. वजन काय कागदावर लिवून द्यायची वस्तू हाय व्हय?”

“मग ध्येय कसं ठरवायचं?”

“ते तू ठरीव की. वजन आमचं, ध्येय तुझं.”

याला वीस वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, लग्न होऊन कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आले होते, आणि पुण्याहून व्यायामशिक्षकाचा दहा दिवसांचा कोर्स करून आल्यामुळे स्वतःला फार शहाणी समजत होते. कामगार कल्याणच्या हॉलमध्ये दुपारी चार ते पाच मी बायकांचा वर्ग घ्यायची. बाहेर पाटी मात्र झोकात होती, ‘नवचैतन्य लेडीज फिटनेस सेंटर’. आत एक टेपरेकॉर्डर, बारा सतरंज्या आणि एक वजनाचं यंत्र. त्या यंत्रावर तोवर फक्त मीच उभी राहिले होते.

चार ते पाच म्हणायचं, पण व्यायाम व्हायचा अर्धा तास. कारण बायका घरून ट्रॅकपँटवर साडी नेसून यायच्या. हॉलची दारं-खिडक्या लागल्या की साड्या उतरायच्या, खिडक्यांच्या गजांना टांगल्या जायच्या, आणि पावणेपाचला पुन्हा नेसायला सुरुवात. ट्रॅकपँटमधली बाई कॉलनीच्या रस्त्यावर कुणी पाहिली नव्हती आणि कुणी पाहील असं कुणाला वाटतही नव्हतं. मीसुद्धा सासऱ्यांसमोरून जाताना वरून साडीच गुंडाळत होते, मग इतरांना काय बोलणार?

ध्येयाचं खूळ माझ्या डोक्यात कोर्समध्येच भरलं होतं. तिथले सर सांगायचे, धंदा छोटा असो की मोठा, ध्येय आकड्यात पाहिजे, त्याला मुदत पाहिजे आणि ते भिंतीवर लावलेलं पाहिजे. पण त्या आठवड्यात ते खूळ राहिलं नव्हतं, गरज झाली होती. कल्याण समितीचं पत्र आलं होतं. ‘सदर वर्गाची ठोस निष्पत्ती गणेशोत्सवापूर्वी समितीसमोर सादर न झाल्यास हॉल अन्य उपक्रमास देण्यात येईल.’ अन्य उपक्रम म्हणजे पत्ते. पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर निवृत्त मंडळींचा रमीचा डाव बसायचा, तो पावसात भिजत होता. खाली सही होती समितीचे अध्यक्ष आनंदराव फडतरे यांची. म्हणजे आमच्या मालनवहिनींचे यजमान, सगळ्या कॉलनीचे आबा, आणि डावातले मुख्य भिडू.

हॉल गेला की वर्ग गेला, हे मला स्वच्छ दिसत होतं. दार लावता येईल अशी दुसरी जागा कॉलनीत नव्हती. आणि वर्ग गेला की मी पुन्हा सासूबाईंच्या शेजारी बसून गवार मोडणार. गवारीशी माझं वैर नाही, पण त्या एका तासात मला लोक ‘मॅडम’ म्हणत होते. त्याची चटक लागली होती, खोटं कशाला बोलू?

तोड काढली यमुनाकाकूंनीच. त्यांचे यजमान बर्गेकाका कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. उसाच्या ट्रॉल्या चढतात तो काटा. गळीत बंद असल्यामुळे पावसाळ्यात तो नुसता पडून असायचा.

“उसाचं काय करत्यात?” काकू म्हणाल्या. “हर कांडं मोजत्यात व्हय? ट्रॉली भरायची, काट्यावर घालायची, रिकामी ट्रॉली वजा. कुणाचं किती, कुणालाच कळायचं न्हाई. आमास्नी बी तसंच मोज.”

मी हसले आणि मग हसायची थांबले. कोर्समधल्या सरांना जे सुचलं नसतं ते चौथी शिकलेल्या बाईला सुचलं होतं. बत्तीस जणींचा मिळून एक आकडा, आणि अब्रू झाकलेली!

आषाढ संपता संपता एका शनिवारी आमची वरात काट्यावर गेली. वरात म्हणते, कारण बायका तशाच आल्या होत्या. सवयीनं आत ट्रॅकपँट होती, पण वरून ठेवणीतल्या जरीकाठी साड्या, हातात फुगलेल्या पर्सा, पर्सांत पाण्याच्या बाटल्या आणि मधेच भूक लागली तर म्हणून लाडूचे डबे. ट्रॉलीत चढताना स्टुलाला दोघींनी धरावं लागलं. बर्गेकाकांनी आधी रिकामी ट्रॅक्टर-ट्रॉली तोलून घेतली होतीच. आता भरलेली तोलली आणि पावती फाडायला बसले.

“मालाचा प्रकार काय लिहू?” त्यांनी चष्म्यावरून विचारलं. छापील पावतीवर ऊस, साखर, मळी, भुसा, भंगार आणि इतर एवढेच पर्याय होते.

“काका, माणसं लिहा.”

“रकाना न्हाई.” बराच विचार करून त्यांनी ‘इतर’वर खूण केली.

“भंगार लिहिलं न्हाई, उपकारच म्हणायचे,” मालनवहिनी ट्रॉलीतून म्हणाल्या.

निव्वळ वजन भरलं दोन हजार दोनशे साठ किलो. काटा दहा-दहा किलोंनी बोलायचा, त्याखाली त्याला कळत नसे. आबा मुद्दाम बघायला आले होते. पावती हातात घेऊन म्हणाले, “बरं, सूनबाई, आता यातलं उतरणार किती?”

मी घरून पन्नास ठरवून निघाले होते. पण आबांच्या मिशीत हसू दिसलं आणि माझी जीभ सैल सुटली. “शंभर,” मी म्हणाले. “गणपतीच्या आधीच्या शनिवारी, याच काट्यावर.”

“शंभर!” आबांनी पावती खिशात घातली. “झाले तर हॉल तुमचा, लिहून देतो. नाहीतर सोमवारी किल्ली माझ्या हातात.”

घरी येताना मी मनात हिशेब मांडला, आणि माझी खरी चूक तिथे झाली. म्हटलं, पुढे श्रावण आहे. सोमवार, शनिवार, एकादशी, बायका उपाशीच राहणार. शंभर काय, दीडशे उतरतील! माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरी उपवास म्हणजे सकाळी लिंबूपाणी आणि रात्री दूध. उपवास सगळीकडे तसाच करतात अशी माझी समजूत होती. लग्नानंतरचा हा माझा पहिलाच श्रावण होता.

पहिल्या सोमवारी मी वर्गात शिरले तर हॉलभर तुपातल्या जिऱ्याचा वास. सतरंजीवर डबे उघडलेले. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचे गोड काप, बटाट्याचा कीस.

“अहो, हे काय? आज उपवास ना?”

“म्हणून तर!” मालनवहिनी म्हणाल्या. “एरवी आम्ही वर्गात कधी खातो का? खा तूपण. पोटात काही नसलं की चक्कर येते.”

एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते मी ऐकलं होतं, पण तो आपला विनोद असेल असं समजत होते. नागपंचमीला पुरणाची दिंडं, नारळी पौर्णिमेला नारळीभात, मंगळागौरीला पहाटेपर्यंत झिम्मा आणि त्यावर भरपेट फराळ. मी उड्या वाढवल्या, त्यांनी तूप वाढवलं. भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेल्या ‘ध्येय: १०० किलो’ या कागदाखाली बसून बायका एकमेकींना राजगिऱ्याचे लाडू देत होत्या. यंत्रावर चढा म्हटलं की सगळ्यांना घरची कामं आठवायची. म्हणजे किती उतरलं की चढलं, हेही कळायला मार्ग नव्हता.

ठरलेल्या शनिवारी सकाळी मी आरशासमोर उभी राहून रडून घेतलं आणि मग डोकं चालवायला लागले. चालवू नये तिथे चालवलं, हे आधीच कबूल करते. मागच्या खेपेला जरीच्या साड्या होत्या, परकर होते, भरलेल्या पर्सा होत्या. बाईमागे दोन-अडीच किलो तर सहज. ते सगळं हॉलमध्येच राहिलं तर?

चारला सगळ्या जमल्या. कॉलनी बघायला येणार म्हणून पुन्हा त्याच ठेवणीतल्या साड्या आणि त्याच पर्सा. मी यमुनाकाकूंना कोपऱ्यात घेतलं. “काकू, आज साड्या, पर्सा इथेच ठेवायच्या. ट्रॅकपँटवरच जायचं. व्यायामाचा वर्ग आहे, व्यायामाचा दिसायला नको?”

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. “अडीच अडीच किलोनं हलक्या व्हतील, न्हवं?”

मी मान खाली घातली.

“आन् जायचं कुठनं? कट्ट्याम्होरनं? उघड्या ट्रॉलीत? पाचला, शिफ्ट सुटायच्या टायमाला?” त्यांनी कपाळाला हात लावला. “येड लागलंय तुला. येक बाई तयार व्हायची न्हाई.”

त्यांचं बरोबर होतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं. कुणीतरी म्हणालं, मामंजी कट्ट्यावर असतात. कुणी म्हणालं, भाऊजी शिफ्टला आहेत. मी म्हणणार होते की राहू द्या, जाऊ द्या हॉल.

तेवढ्यात मालनवहिनी उठल्या. वर्गातल्या सगळ्यात वजनदार त्याच, आणि मानानंही त्याच. “काल रात्री जेवताना आमचे हे मला म्हणाले,” त्या म्हणाल्या, “पत्त्याची टेबलं सांगून ठेवलीत. वर हसले. मी भाकरी वाढत होते आणि हे हसत होते.” त्यांनी खांद्याची पिन काढली आणि अख्खी हिरवी पैठणी गजाला टांगली. “चला. काय गिळत्यात का काय आपल्याला?”

अध्यक्षीणबाईच निघाल्या म्हटल्यावर बाकीच्यांना मागं राहणं कठीण झालं. पाच मिनिटांत एकतीस साड्या गजांवर गेल्या. माझीही गेली, कारण सगळ्या कॉलनीसमोरून अर्धा किलोमीटर ट्रॉलीपुढे चालायचं मला होतं.

तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. ट्रॉलीत बत्तीस बायका, निळ्या-काळ्या ट्रॅकपँटी, वर नवऱ्यांचे नाहीतर पोरांचे टीशर्ट, कपाळाला ठसठशीत कुंकू. आधी सगळ्या खाली बसल्या होत्या, फळीआड. कट्टा आला तशा मालनवहिनी उभ्या राहिल्या आणि मग एकेक करून सगळ्याच. कट्ट्यावरचा डाव थांबला. एकानं टोपी काढून हातात घेतली, का ते त्यालाही ठाऊक नसावं. एक सासरे टाकीकडे तोंड करून टाकीवरची साफसफाईची तारीख वाचायला लागले. शिफ्ट सुटलेले कामगार सायकली धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, जसं काही साहेबांची गाडी जात होती. कुणी हसलं नाही. हसायला आधी कळावं लागतं की काय चाललंय.

काट्यावर आबा समितीसह हजर होते. बायकोला बघून त्यांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

बर्गेकाकांनी आकडा वाचला. “दोन हजार एकशे सत्तर.”

नव्वद! बायका ओरडल्या, मग त्यांच्या लक्षात आलं आणि गप्प झाल्या.

“दहा कमी,” आबांचा आवाज परत आला. “शंभरची बोली होती.”

तेव्हा यमुनाकाकूंनी पायातली चप्पल काढली आणि ट्रॉलीबाहेर भिरकावली. मग दुसरी. पुढच्या क्षणी ट्रॉलीतून चपलांचा पाऊस सुरू झाला. बत्तीस जोड, चौसष्ट चपला, त्यातल्या तीन-चार तरी आबांच्या दिशेनं, आणि त्या चुकून गेल्या असं मी म्हणणार नाही. काट्यावरचा आकडा हलला. दोन हजार एकशे साठ.

“शंभर!” मी किंचाळले. “झाले शंभर!”

बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बर्गेकाका मात्र पेन टोपणात घालून बसले होते.

“पावती द्या ना काका.”

“न्हाई देता येत.” ते शांतपणे म्हणाले. “तीस वर्सं मी ह्या काट्यावर हाय. सख्ख्या भावाच्या उसाला किलो वाढवून दिला न्हाई. सूनबाई, त्या दिवशी बाया साडीत व्हत्या. खरं का खोटं?”

मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. “खरं,” मी म्हणाले.

“मग माल त्योच न्हाई. काट्यावर माल त्योच पायजे.”

“अवो, घरचं माणूस हाय मी!” यमुनाकाकू ट्रॉलीतून कडाडल्या.

“काट्यावर नातं चालत न्हाई,” बर्गेकाका म्हणाले. त्या रात्री त्यांना जेवण काय मिळालं ते मला माहीत आहे, पण सांगत नाही.

बायकांना खाली उतरवून ट्रॉली हॉलकडे पाठवली. बत्तीस साड्या, परकर आणि पर्सा भरून आणल्या, त्यात चपला टाकल्या आणि तो ढीग वेगळा तोलला. ऐंशी किलो. म्हणजे सहा आठवड्यांत, बत्तीस बायकांत मिळून उतरलं होतं वीस किलो. माणशी सहाशे ग्रॅम. साबुदाण्याचा विचार केला तर तेही नवलच होतं, पण वीस म्हणजे शंभर नव्हेत.

“सोमवारी किल्ली,” आबा म्हणाले. त्यांनी फार जोरात म्हटलं नाही, आणि म्हणताना मालनवहिनींकडे बघितलंही नाही.

मी ट्रॉलीशी गेले आणि साड्या काढून एकेकीला द्यायला लागले. आकडा मी सांगितला, लबाडी मी केली आणि तमाशा यांचा झाला, हे मला सोसत नव्हतं. “घ्या, नेसून घ्या आणि चला घरी,” मी म्हणाले. “चुकलं माझं.”

कुणी हात पुढे केला नाही.

“आता नेसून काय झाकायचंय?” यमुनाकाकू म्हणाल्या. “समद्यांनी बघितलं की.”

“ट्रॉलीनं साड्या जाऊ दे,” मालनवहिनींनी चपला शोधून पायात घातल्या. “आपण चालत जाऊ.”

आणि त्या निघाल्या, रस्त्याच्या मधोमध, हात हलवत, मोठमोठ्यानं बोलत. कट्ट्यावरून जाताना कुणाची चाल मंदावली नाही. मी मागून येत होते आणि हमसून हमसून रडत होते. हॉल गेला म्हणून रडत असेन असं त्या वेळी मला वाटलं.

सोमवारी किल्ली दिली. मंगळवारी चारला मी घरी गवारीची परडी पुढे ओढली आणि दारात बत्तीस जणी उभ्या. साडी एकीच्याही अंगावर नव्हती.

“मॅडम, चला की,” मालनवहिनी म्हणाल्या. “हॉलसमोरचं मैदान काही समितीचं न्हाई.”

मैदान हॉलच्या खिडक्यांना लागूनच होतं. आत नव्या टेबलांवर रमी, बाहेर आमच्या उड्या. ‘एक, दोन, तीन, चार’ आम्ही एवढ्यानं मोजायचो की आतल्यांचं पानांचं गणित चुकायचं. पण खरी गंमत ती नव्हती. कट्ट्यावर कोण काय खातं हे घरच्यांना कळत नसे, आता खिडकीतून सगळं दिसत होतं. “अहो, ते भजं खाली ठेवा, साखर तपासलीय ना परवा?” असा मालनवहिनींचा आवाज उड्यांच्या मधेच जायचा. कुणाच्या सूनबाई बोटानं दाखवायच्या, की मामंजींच्या हातात विडी आहे. मंडळींनी खिडक्या लावून घेतल्या, तर आत उकडायला लागलं. चार दिवसांत भिडू सहाचे तीन झाले. बघायला येणाऱ्या बायका मात्र एकेक करून रांगेत शिरत होत्या. गौरी-गणपती उठले तेव्हा आम्ही सत्तेचाळीस होतो, आणि हा आकडा मी कुठल्याही भिंतीवर लावलेला नव्हता.

मग एका संध्याकाळी आबा मैदानात आले. आमच्यापासून दहा हातांवर, पाठमोरे उभे राहिले आणि तसेच बोलले. “सूनबाई, समितीनं ठराव केलाय. हॉल परत घ्या. आजपासूनच घ्या. दारं लावा, खिडक्या लावा, आत काय ते करा. आमचा आम्हाला कट्टा बरा.” आणि त्यांनी वळून न बघताच किल्ली धरलेला हात मागे केला.

माझा हात लगेच उचलला गेला. सहा आठवडे मी त्याच किल्लीसाठी जीव टाकला होता, त्यासाठी खोटं वजनसुद्धा केलं होतं.

पण मालनवहिनी आमच्या दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात, श्वास लागलेला, चेहरा लालबुंद. असं हसू मी त्यांच्या तोंडावर आधी बघितलं नव्हतं.

“अहो, तुमचा हॉल तुम्हालाच लखलाभ,” त्या म्हणाल्या. “आम्हाला आता दारं लावून घ्यायची सवय राहिली न्हाई.”

आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मॅडम, कितीपर्यंत आलो होतो आपण?”